दाब कुठे मोजलास?

चि. कन्येस, अनेक आशीर्वाद.

निपाणीच्या त्याच विडी कामगार बाईंच्या मानेतील कॅरोटिड धमनीची ताठरता आठवड्याभराने निराळी निघाली, तेव्हा यंत्र बिघडले की आपला हात चुकला, असे तू विचारतेस आणि संशोधनाचा विषयच बदलावा का, असेही लिहितेस. विषय बदलू नकोस. तुझ्या वहीत व्यास आहे, भिंतीची जाडी आहे, प्रोबची वारंवारता आहे. रक्तदाब मात्र एकाही मोजणीसमोर लिहिलेला नाही. दाब कुठे मोजलास?

सोनोग्राफी तुला हालचाल दाखवते. साधारण 6.5 मिमी व्यासाची ती धमनी प्रत्येक ठोक्याला सुमारे अर्धा मिमी फुगते. 7.5 मेगाहर्ट्‌झच्या ध्वनीची शरीरातील तरंगलांबी 0.2 मिमी असूनही प्रतिध्वनीच्या कलेतील (फेजमधील) फरकावरून काही मायक्रॉनची हालचाल टिपता येते, याचे मला आजही अप्रूप वाटते. परंतु ती हालचाल घडवणारे बल त्या प्रतिध्वनीत नसते. शिवाय धमनीची भिंत सगळ्या दाबांना सारखी ताठ नसते: कमी दाबाला भार मुख्यतः इलॅस्टिन हे लवचीक प्रथिन पेलते आणि दाब चढेल तसे कोलॅजन या चिवट प्रथिनाचे तंतू ताणले जाऊन भिंत कडक होत जाते. म्हणजे त्या बाईंचा दाब त्या दिवशी चढलेला असेल, तर तुझे यंत्र आणि तुझा हात दोन्ही बरोबर असू शकतात.

आता तू म्हणशील, दंडाला पट्टा बांधून मोजते. तेवढ्याने भागत नाही. हृदयापासून दूर जाताना सिस्टोलिक, म्हणजे ठोक्याच्या वेळचा वरचा दाब वाढतो, तरुणांमध्ये अधिकच. सरासरी आणि डायस्टोलिक, म्हणजे दोन ठोक्यांमधला खालचा दाब मात्र मोठ्या धमन्यांत जवळपास सारखे राहतात. दंडावर 120/80, म्हणजे फरक 40, धरलास तर पीटरसनच्या सूत्राने (दाबातला फरक × व्यास ÷ व्यासातली वाढ) ताठरतेचा मापांक 40 × 6.5 ÷ 0.5, म्हणजे 520 मिमी पारा येतो. मानेतला खरा फरक 32 असेल तर तोच 416 होतो. पंचवीस टक्के ताठरता केवळ जागा चुकल्याने वाढली! म्हणून मानेवरच टोनोमीटरने, म्हणजे धमनीवर त्वचेवरून टेकवायच्या दाबमापकाने, दाबाचा तरंग घे आणि दंडावरच्या सरासरी व डायस्टोलिक दाबाशी तो जुळवून घे.

शिअर वेव्ह इलॅस्टोग्राफी, म्हणजे ऊतीत आडवा तरंग उठवून त्याच्या वेगावरून ताठरता काढण्याची पद्धत, थेट आकडा देते, असे तुझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. पण यकृतासारख्या जाड अवयवाचे सूत्र एक मिमीहूनही पातळ भिंतीला लावता येत नाही. तिथे तरंग दोन पृष्ठभागांमध्ये अडकून पुढे सरकतो आणि त्याचा वेग जाडीवर व वारंवारतेवरही ठरतो. आणि तो आकडाही त्या क्षणीच्या दाबाचाच असतो. तिथेही माझा प्रश्न तोच.

मी जिथे शिकवत होतो तिथे टोनोमीटर नव्हता. दंडावरचा दाब घालून लेख पाठवा, कोण विचारतो, असे मला सांगण्यात आले. मी पाठवले नाहीत. माझ्यामागून आलेले बढतीत पुढे गेले, त्याचे दुःख फारसे नाही. खानापूरकडचे जे शेतकरी शेतीची कामे टाकून माझ्यासमोर मान वळवून पडून राहिले, त्यांची मापे कपाटातच राहिली, ही खंत मात्र जात नाही. तरीही तेव्हा मी दुसरे काही करायला हवे होते, असे मला कोणी पटवून देऊ शकलेले नाही, आणि तूही तसा प्रयत्न करू नकोस.

सोनोग्राफी यंत्र 1994 च्या लिंगनिदानविरोधी कायद्याखाली ठरावीक जागेसाठी नोंदलेले असते, त्यामुळे ते उचलून निपाणीला नेण्याचा विचार सोड. बायकांनाच बेळगावला यावे लागेल. एसटीतून उतरलेल्या बाईला लगेच प्रोब लावू नकोस. आधी दहा मिनिटे उताणे निजू दे, चहा-तंबाखू तीन तास आधीपासून टाळायला आदल्या दिवशीच सांगून ठेव, आणि मापे धमनी दुभागते त्याच्या एक-दोन सेंटिमीटर खाली घे. व्यास आणि दाब एकाच बैठकीत, लागोपाठ. पुढच्या पत्रासोबत तक्ता पाठवशील तेव्हा दाबाचा रकाना व्यासाच्या आधी आख, आणि तो ज्या ओळीत रिकामा असेल ती ओळ मला पाठवू नकोस.