आधी सांध्यावर हात ठेव

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं बारा पानी टिपण दोनदा वाचलं. शेवटी तू विचारलं आहेस, "सीझिनकोटला लूट म्हणू की आदर? मला ठरवताच येत नाहीये." अगं, इंग्लंडमधल्या या भारतीय वळणाच्या घरावर बारा पानं, आणि त्यांत एका खांबाचं माप नाही, छज्जा भिंतीच्या किती बाहेर येतो ते नाही. ठरणार कसं?

आणि पान चारवर ती चूक. दक्षिणेकडच्या बागेतला कालवा, दोन्ही बाजूंचे उभे यू वृक्ष, यांना तू 'कॉकरेलची मुघल चारबाग', म्हणजे चार भागांत आखलेली बाग, म्हटलंस आणि त्यावर दोन पानांचं विवेचन उभं केलंस. ती बाग लेडी क्लाइनवर्ट यांनी भारतभेटीनंतर १९६०च्या दशकात करवून घेतली. क्लाइनवर्ट कुटुंबाने ही मालमत्ता घेतली १९४४मध्ये. घर बांधणारा चार्ल्स कॉकरेल तोवर कधीच गेलेला होता. फोटोत सगळं एकाच काळाचं दिसतं. म्हणून म्हणते, आधी सांध्यावर हात ठेव. जुनं कुठे संपलं, नवं कुठे लागलं, ते बोटांना कळतं.

आता मला सांग, तू आत गेली होतीस ना? बाहेर तांब्याचा फुगीर घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, खिडक्यांवर मोरपिसाऱ्यासारख्या कमानी. आणि दारातून आत पाऊल टाकलं की तो भारत संपतो. आतलं सगळं घर त्या काळच्या इंग्लंडमधलं, ग्रीक-रोमन वळणाचं. तुझ्या 'संगम' या शब्दाला इथेच तडा जातो. पण टिपणात आतल्या घराला तू दीड ओळ दिलीस.

हकीकत तुला पाठ आहे, मला फक्त एक गोष्ट त्यातून काढायची आहे. कर्नल जॉन कॉकरेलने १७९५मध्ये ही जागा घेतली, १७९८मध्ये तो वारला. मग धाकट्या चार्ल्सने १८०५च्या सुमारास आपला वास्तुविशारद भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल याच्याकडून हे घर उभं करवलं. सॅम्युअलने भारत कधी पाहिलाच नव्हता. त्याच्यासमोर होती इंग्रज चित्रकार टॉमस डॅनियलची चित्रं. मग जागेवर जाऊन पाहावं, हे माझं म्हणणं खोटं ठरतं का? नाही. डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम सात-आठ वर्षं हा देश पायाखाली घालून, जागेवर बसून रेखाटत आले होते. सॅम्युअलने विश्वास ठेवला तो पाहून आलेल्या माणसाच्या कागदावर. ओढ्यावरचा पूल तर डॅनियलचाच.

त्या पुलाखाली जा. पाण्यात पाय ठेवायला दगड मांडलेले आहेत, त्यांवरून खांबापर्यंत पोचता येतं. या खांबांचा आकार घारापुरीच्या लेण्यातल्या खांबांवरून घेतलेला. डॅनियल काका-पुतणे १७९३मध्ये मुंबईला आले होते. पण घारापुरीचा खांब कुणी उभा केलेला नाही, हे लक्षात घे. डोंगर पोखरून काढल्यावर तो मागे उरला. नंतरच्या डागडुजीतले सोडले, तर त्याला सांधा नाही, कारण तो छताचाच दगड आहे. इथे तोच आकार दगडावर दगड ठेवून रचला आणि त्याच्यावर पूल तोलला. एका लेण्याचा पूल होताना काय काय बदलावं लागलं, ते तिथे दगडात लिहिलेलं आहे. वर कठड्यावर नंदी. खाली शंकराच्या लेण्याचे खांब आणि वर नंदी, हे डॅनियलने जाणून केलं का? हा प्रश्न घे. 'लूट की आदर'पेक्षा तो कितीतरी खोल जातो.

पैशाबद्दल मात्र स्पष्ट लिही. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतून आणि कलकत्त्याच्या पेढीतून आला. त्यात आडपडदा नको. फक्त पैशाचा हिशेब मांडला म्हणजे दगडाचा मांडून झाला, असं समजू नकोस.

तू म्हणशील, मॅडम हट्टीच आहेत. आहे. पुण्यातल्या एका वाड्याचा अहवाल मी तिशीत लिहिला होता. जुन्या नकाशात तिसरा चौक दिसत नव्हता, म्हणून 'मागचा भाग नंतरचा' असं लिहून मोकळी झाले. मुदत चार दिवसांची होती, मागच्या दाराला कुलूप होतं. किल्ली मी मागितली नाही. वर्षभरात तो भाग पाडला. पाडताना गेले, तेव्हा कडीपाट उतरवलेला होता आणि दुसऱ्या चौकातून तिसऱ्यात गेलेली सागाची तुळई उघडी पडली होती. अखंड. सांधा नव्हताच. दोन्ही चौक एकाच वेळचे होते. तळखडे, म्हणजे खांबांखालचे दगड, एका बाजूला रचून ठेवले होते, त्यांतल्या एकावर बराच वेळ बसून राहिले.

माझा अहवाल नसता तर त्यांनी दुसऱ्या कुणाचा आणला असता, हे मला आजही वाटतं. नकाशावर विसंबण्याची तेव्हा रीतच होती. पण सही माझी होती. त्यानंतर कुठल्याही इमारतीवर मी हात लावल्याशिवाय एक ओळ लिहिली नाही. त्यापायी कामं गेली, उशीर करणारी बाई म्हणून नाव झालं. होऊ दे.

तुझी नजर चांगली आहे. छत्र्यांवर लिहिलेला परिच्छेद मला फार आवडला, कारण तिथे तू खरंच थांबून पाहिलं होतंस. तो ठेव. चारबागेची दोन पानं काढून टाक. डिसेंबरात येशील तेव्हा आपण गेटवेवरून पहिल्या लाँचने घारापुरीला जाऊ, टेप मी आणते. त्याआधी सीझिनकोटला परत जाऊन ये. पुढच्या पत्रात मला मत नको. पुलाखालच्या एका खांबाचा घेर किती, आणि पहिला सांधा पाण्यापासून किती उंचीवर आहे, तेवढं कळव.