गरम दगडांचा शेक घेण्याआधी

प्रश्न : आम्ही डिसेंबरमध्ये गोव्याला जाणार आहोत. हॉटेलच्या स्पामध्ये नव्वद मिनिटांचा हॉट स्टोन मसाज आहे. तापवलेले दगड अंगावर ठेवतात म्हणे. चटका बसत नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बसू शकतो. दगड हीटरमधल्या पाण्यात अर्धा-पाऊण तास तापवतात. पाणी साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आंघोळीच्या कडक पाण्यापेक्षाही बरंच गरम. तरी सोसतं, कारण तेल लावलेल्या अंगावर दगड सतत फिरत असतो. एका जागी तो क्षणभरच टेकतो आणि दोन-चार मिनिटांत निवला की बदलतात. फिरणं थांबलं की हिशेब बदलतो. ५५ अंशांचं पाणी त्वचेवर सलग अर्धा मिनिट राहिलं तरी खोल भाजू शकतं. म्हणून ठेवून द्यायचा दगड नेहमी दुहेरी टॉवेलवर हवा, उघड्या त्वचेवर नाही. मणक्याच्या हाडावर तर नकोच, तो दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर हवा.

सगळ्यांत जपायचं ते दगडांची रांग मांडून त्यावर उताणं झोपवतात तेव्हा. अंगाच्या भाराने त्वचा दाबली जाते, तिथलं रक्त हटतं आणि उष्णता वाहून नेणारं कोणी उरत नाही. शिवाय तुम्हाला पटकन बाजूलाही होता येत नाही. असा प्रकार असेल तर जाड टॉवेल मागा, नाहीतर तेवढा भाग सरळ नको म्हणा.

मसाज सुरू होण्याआधी हीटरमध्ये थर्मामीटर आहे का ते विचारा. ‘हाताला समजतं’ हे उत्तर पुरेसं नाही. दिवसभर गरम दगड हाताळून थेरपिस्टचे हात सरावलेले असतात. पहिला दगड स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. हीटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर पाणी बदललेलं नाही. दगडही प्रत्येक गिऱ्हाइकानंतर साबणाने घासून जंतुनाशकातून काढायला हवेत. आणि मसाज चालू असताना सोसत बसू नका. आपल्याकडे भिडेपोटी ‘चालतंय’ म्हणायची सवय फार. ‘हॉट’ एवढा एक शब्द कुठल्याही भाषेच्या थेरपिस्टला कळतो.

लाली तासाभरात गेली तर काळजी नाही. चट्टा राहिला किंवा फोड आला तर त्या जागी वीस मिनिटं नळाचं गार पाणी सोडा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, फोड फोडू नका.

प्रश्न : आई ६२ वर्षांची आहे, तिला मधुमेह आहे आणि तळपाय बधिर वाटतात. तिने घ्यावा का? आणि मसाज सहलीत कधी ठेवावा?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आईंनी गरम दगडांचा नको. बधिर पायाला चटका कळत नाही, आणि मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, फुगलेल्या शिरा, ताप, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लांबच्या बसप्रवासानंतर किंवा विमानप्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर स्पा नाही, थेट दवाखाना. शिरेत गुठळी असू शकते आणि ती चोळणं धोक्याचं.

मसाज समुद्रावर जाण्याआधी, पहिल्याच दिवशी उरका. उन्हाने लाल झालेल्या पाठीवर गरम दगड सोसणार नाही. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. बिअर त्या दिवशी मसाजनंतरही उशिरानेच. उष्णतेने रक्तवाहिन्या सैल होऊन रक्तदाब उतरतो, त्यात दारू मिळाली की उठताना भोवळ येते. संपल्यावर टेबलाच्या कडेला मिनिटभर बसूनच उभं राहा.

प्रश्न : हे दगड म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा दगडच ना? मग नदीतून आणून घरीच शेकलं तर?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जात तीच, बेसॉल्ट. वेरूळची लेणी ज्यात कोरली तोच. पण आपल्याकडचा बराचसा दगड सच्छिद्र किंवा पांढऱ्या खड्यांनी भरलेला असतो. भोकांत तेल आणि मळ साचतो, आणि आत पाणी मुरलेला दगड गॅसवर थेट ठेवला तर फुटून उडतो. मायक्रोवेव्हही नको. घट्ट, गुळगुळीत, तळव्यात मावणारे दोन-तीन गोटे निवडा. पातेल्याच्या तळाशी फडकं घालून ते पाण्यात ठेवा आणि थर्मामीटर ५० दाखवू लागला की आच बंद करा. उकळत्या पाण्यातला दगड ‘जरा निवला’ म्हणून उचलू नका. वरून कोमट लागतो, पण आतली धग पुन्हा बाहेर येते. काढलेला गोटा पंच्यात गुंडाळूनच लावा. नुसतं कंबर शेकायचं असेल तर घरातली रबरी पिशवीही तेच काम करते.

प्रश्न : यातून शरीरातली विषद्रव्यं निघून जातात का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. दगडाने स्नायू ऊबदार होऊन सैल पडतात, मग थेरपिस्टला कमी जोर लावावा लागतो. पैसे त्याचे आहेत.