‘हा कसला इतिहास?’

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला राहतो. एम.ए. इतिहास, दुसरं वर्ष. जोगत्यांवर, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेल्या, अनेकदा साडी नेसणाऱ्या पुरुषांवर, प्रबंध करायचा म्हटलं, तर मार्गदर्शक म्हणाले, ‘हा कसला इतिहास? विषय बदल.’ अशा कामाला कुठे मान मिळतो का?

उत्तर : मिळतो की! अमेरिकेत समलिंगी-तृतीयपंथी इतिहासावरच्या पुस्तकाला इतिहासकार जॉन बॉसवेल यांच्या नावाचं पारितोषिक असतं. ग्रेगरी स्प्रेग यांच्या नावाचं तर खास विद्यार्थ्यांच्या लेखनासाठी.

पण तुला आधी सरांना पटवायचंय. त्यांना कागद लागतो ना, मग १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा समोर ठेव. त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची सरकारी नोंदवही ठेवायची तरतूद होती. बायकी पोशाखात रस्त्यावर नाचलं तरी नोंदलेल्याला शिक्षा! त्या दफ्तरांवर इतिहासकार जेसिका हिंची यांचं अख्खं पुस्तक आहे, २०१९ चं. सरकारनं वही घातली तो कायदा इतिहास, आणि त्या वहीतली माणसं मात्र इतिहास नव्हेत?

मीही तीस वर्षं इतिहासच शिकवला. एसटी स्टँडवर परडी घेऊन यल्लम्माच्या सौंदत्तीला निघालेले जोगते दरवर्षी बघायचो. एकालाही कधी काही विचारलं नाही. ती चूक तू करू नकोस.

एक मात्र सांभाळ. ‘गे’, ‘ट्रान्स’ ही आजची लेबलं आधीच चिकटवू नकोस. जोगता स्वतःला काय म्हणवतो ते त्याच्याच शब्दांत उतरव. रेकॉर्डिंगआधी परवानगी घे, प्रबंधात नावं बदल. आणि म्हाताऱ्या जोगत्यांकडे आधी जा. विषयाचा अर्ज नंतरही भरता येईल.