दोनशे विद्यार्थी आणि एक जनुक

प्रिय विद्यार्थिमित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या लघुप्रबंधाचा आराखडा काळजीपूर्वक वाचला. दोनशे विद्यार्थ्यांच्या लाळेचे नमुने घेऊन सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाची ने-आण करणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा चिंताळू स्वभावाशी असलेला संबंध तपासण्याचे तू योजले आहेस. प्रश्न मोलाचा आहे. मात्र या वाटेने तू जाऊ नयेस, असे मला मनापासून वाटते.

आनुवंशिक फरकांचा स्वभावावर परिणाम होतो, याविषयी आता वाद उरलेला नाही. जवळजवळ सारखाच आनुवंशिक वारसा असलेली एकबीज जुळी भावंडे द्विबीज जुळ्यांपेक्षा स्वभावाने एकमेकांच्या अधिक जवळ असतात, आणि जुळ्यांच्या व कुटुंबांच्या अभ्यासांचे 2015 मध्ये जे एकत्रित विश्लेषण झाले, त्यानुसार माणसामाणसांतील स्वभावभेदांपैकी सुमारे 40 टक्के भाग आनुवंशिक फरकांशी निगडित आहे. हा आकडा समूहातील भेदांचा आहे. त्यावरून एखाद्या व्यक्तीचा स्वभाव 40 टक्के जनुकांनी घडवला, असे म्हणता येत नाही. तुझ्या प्रस्तावनेत नेमके तेच विधान आले आहे, ते आधी काढून टाक.

तू निवडलेला फरक 17व्या गुणसूत्रावर आहे. तिथे डीएनएचा सुमारे 44 अक्षरांचा एक तुकडा काही प्रतींत असतो, काहींत नसतो, आणि डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या प्रयोगशाळेतील जेलवर त्याचे लांब व आखूड असे दोन पट्टे इतके स्वच्छ वेगळे दिसतात की पाहणाऱ्याला उत्तर हाती आल्यासारखेच वाटते. 1996 मध्ये क्लाउस-पीटर लेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 505 व्यक्तींच्या अभ्यासातून असे मांडले की चिंतेशी संबंधित स्वभावभेदांचा 3 ते 4 टक्के भाग या एकाच फरकाने उलगडतो. त्यानंतर कितीतरी प्रयोगशाळा याच जनुकामागे लागल्या, आणि मोजणी सोपी होती हे त्याचे एक मोठे कारण होते, असे माझे मत आहे. 2019 मध्ये नैराश्याशी जोडल्या गेलेल्या अशा 18 प्रसिद्ध जनुकांची लाखो लोकांच्या माहितीवर फेरतपासणी झाली, तेव्हा इतर कोणत्याही जनुकांपेक्षा ती वेगळी ठरली नाहीत.

जे खरोखर सापडले, ते फार विखुरलेले आहे. 2018 मध्ये सुमारे साडेचार लाख लोकांच्या अभ्यासात चिंताळूपणाशी संबंधित डीएनएवरील 136 स्थाने आढळली, पण त्यांतील एकेकाचा वाटा एका टक्क्याच्याही अगदी किरकोळ अंशाइतका आहे. हा वाटा 0.02 टक्के धरून हिशेब करून पाहा. एकच फरक तपासायचा असला, तरी तो पाचांपैकी चार वेळा पकडता यावा म्हणून सुमारे 40 हजार माणसे लागतील. उलट, तुझ्या दोनशे जणांत निष्कर्ष संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग न वाटण्याजोगा, ठरण्यासाठी परिणाम जवळपास 2 टक्के दिसावा लागेल; म्हणजे यश मिळाले तर ते सत्याच्या शंभरपट फुगलेले असेल. अपयशापेक्षा मला या यशाचीच अधिक भीती वाटते, कारण ते छापले जाईल.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत लग्ने झाल्याने जनुकांच्या रूपांचे प्रमाण समाजागणिक बदलते, आणि घरची परिस्थिती, शिक्षण, ताणतणाव हेही समाजागणिक बदलतात. या दोहोंची फारकत न करता काढलेला संबंध जनुकाचा की परिस्थितीचा, हे तुला सांगता येणार नाही, आणि त्यातून एखाद्या समाजाच्या स्वभावाविषयी चुकीचे शिक्के मारले जाऊ शकतात.

म्हणून माझा सल्ला असा की लाळेचे नमुने घेऊ नकोस. त्याऐवजी चिंताळूपणा मोजणारी प्रश्नावली मराठीत कितपत विश्वासार्ह ठरते, ते तपास. त्याच दोनशे जणांकडून ती तीन महिन्यांनी पुन्हा भरून घे आणि प्रत्येकाच्या एका जवळच्या मित्राचे किंवा भावंडाचे मतही नोंदव. स्वभावच ढोबळपणे मोजला गेला, तर जनुकांचे कितीही अचूक वाचन व्यर्थ जाते. मराठी भाषकांचा मोठा आनुवंशिक अभ्यास पुढे कोणी हाती घेतला, तर त्याला आधी अशाच पारखलेल्या प्रश्नावलीची गरज भासेल. नवा आराखडा पाठवताना नमुन्याच्या आकाराचा हिशेब पहिल्याच पानावर दे, म्हणजे आपण लगेच कामाला लागू.

तुझा हितचिंतक