बडोद्यात बर्फातली मासळी घेणं कितपत सुरक्षित आहे? नीट शिजवली की जंतू मरतातच ना?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीहून बदली होऊन बडोद्याला आलात, घरात तीन वर्षांची मुलगी आहे, आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "जंतू असतातच, पण रटरटून शिजवलं की काही राहत नाही." काकूंचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी जरा सविस्तर लिहिते, कारण ते आमच्या घरी घडलंय.

मी इथे बडोद्यातल्याच दांडिया बाजारात वाढले, घर सीकेपी, त्यामुळे मासळी लहानपणापासून. पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि आता अन्नाचे नमुने तपासायचं काम करते.

जिवंत माशाच्या मांसात जंतू जवळजवळ नसतातच. ते असतात अंगावरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि आतड्यात. मासा मेला की तिथून आत शिरतात, आणि किती झपाट्याने वाढतात ते थंडाव्यावर ठरतं. बर्फात, म्हणजे 0 अंशाला, मासा दिवसभरात जेवढा उतरतो तेवढा 10 अंशाला सहा तासांत उतरतो. मासळी येते त्या वेरावळ बंदराहून बडोदं चारशे किलोमीटरच्या वर आहे, पण त्या प्रवासाची मला तेवढी धास्ती नाही, मासा बर्फात नीट दाबलेला असेल तर तो तग धरतो. धास्ती आहे ती पुढच्या टप्प्याची: उघडा ओटा, वरून मारलेलं पाणी आणि आपली पिशवी. त्यात इथे मासे खाणारी घरं मुंबई-रत्नागिरीच्या मानाने कमी, श्रावणात तर आणखी कमी. म्हणून जिथे गिऱ्हाईक जास्त आणि माल रोज संपतो, तिथूनच घ्या. मी दोन-तीन रविवार नुसतं उभं राहून बघितलं होतं, मग मासळीवाली ठरवली.

आता आमच्या घरची गोष्ट. माझ्या आत्याने एकदा सकाळी बांगडे घेतले आणि तशीच लग्नाच्या खरेदीला गेली. बांगडे दुपारपर्यंत स्कूटरच्या डिकीत, चैत्रातल्या उन्हात. घरी येऊन झणझणीत कालवण केलं, चांगलं उकळलं, वासही काही आला नाही. जेवण होऊन अर्धा तास झाला नसेल, तिची कानशिलं तापली, मान आणि छाती लालभडक, डोकं ठणकायला लागलं, जिभेला मिरी चावल्यासारखी चुणचुण. डॉक्टरांनी ॲलर्जीची गोळी दिली, संध्याकाळपर्यंत बरं वाटलं. पण मासळी आपल्याला सोसत नाही असं धरून तिने सहा वर्षं मासा तोंडात घातला नाही.

ती ॲलर्जी नव्हती. बांगडा, कुपा, तारली, सुरमई अशा माशांत हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा उबेत राहिला की काही जंतू त्याचं हिस्टामिन करतात. उकळल्याने जंतू मरतात, पण त्यांनी करून ठेवलेलं हिस्टामिन तसंच राहतं. फ्रीजमध्ये ठेवा, तळा, कालवण करा, ते जात नाही. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत किलोमागे 200 मिलिग्रॅमच्या वर ते कुठल्याच नमुन्यात चालत नाही, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही कळत नाही. ॲलर्जीतही शरीर हेच हिस्टामिन सोडतं आणि गोळीने उतार पडतो तो त्याच्यावरच, म्हणून गैरसमज होतो.

वासाबद्दलही सांगते. समुद्री माशाचा तो नेहमीचा वास नासवणाऱ्या जंतूंमुळे येतो, आजार करणारे जंतू बहुतेक वेळा वेगळेच असतात. लिंबू किंवा कोकम लावलं की आम्लामुळे वास मावळतो. जंतू मावळत नाहीत.

कोळंबी, खेकडे आणि कालवांत व्हिब्रिओ पाराहिमोलिटिकस नावाचा जंतू सापडतो. 1950 साली जपानमध्ये ओसाकाच्या भागात छोटे उकडलेले मासे खाऊन 272 जण आजारी पडले, 20 दगावले, तेव्हा तो ओळखला गेला. प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या प्लेटवर त्याचे गोल हिरवे ठिपके उगवतात, दुसऱ्या दिवशी सकाळी इनक्युबेटर, म्हणजे प्लेटा उबेत ठेवायची पेटी, उघडला की लगेच नजरेत भरतात. मनासारखी ऊब मिळाली तर दहाएक मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे तासाभरात एकाचे चौसष्ट. पण उष्णतेला हा अगदी कच्चा. आतपर्यंत शिजलेल्या कोळंबीत तो टिकत नाही. इथे तुमच्या काकूंचं पूर्ण खरं.

मग माणसं आजारी कशी पडतात? कोळंबी सोललेल्या हाताने कोथिंबीर निवडली, त्याच विळीवर काकडी चिरली. साल्मोनेला आणि ई. कोलाय हे पोट बिघडवणारे जंतू तर बऱ्याचदा माणसाच्या हातातून आणि घाणेरड्या पाण्याच्या बर्फातून येतात, म्हणून बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा असा नियम आहे. माझी आजी मासळीची विळी आणि पातेलं वेगळं ठेवायची. ती विटाळ म्हणून ठेवायची, पण मी आज तेच करते.

मी बाजारात जाते ती सगळ्यात शेवटी, बाकी खरेदी उरकून. जाड पिशवीत बर्फाच्या बाटल्या नेते. कल्ले उचलून बघते, लालभडक हवेत, तपकिरी नकोत. डोळा फुगीर, अंग दाबलं की परत वर आलं पाहिजे. घरी आल्यावर आतडी लगेच काढायची आणि जे त्या दिवशी करायचं नाही ते थेट फ्रीझरमध्ये. त्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, म्हणून बाहेर काढलेला मासा ओट्यावर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यायचा. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना बंदी असते. त्या दिवसांत "आजचंच पापलेट" म्हणून दाखवलं तर मी तलावातली रोहू-कटला घेते.

मुलीला कोळंबी जरूर द्या, मात्र तुकडा मोडून आत पांढरा झालाय ना ते बघून. आणि कधी उलटी-जुलाब झालेच तर ओआरएस सुरू करा, शौचात रक्त दिसलं किंवा ती मलूल झाली तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. तिथे कुठला मासा खाल्ला आणि खाऊन किती वेळ झाला ते आवर्जून सांगा. आत्याच्या वेळी ते आमच्यापैकी कुणी सांगितलंच नव्हतं.