घरून हिशेब लिहिताना क्लायंटचा डेटा कसा सांभाळावा, फसवणूक कशी टाळावी?

तुम्ही विचारलंय की घरून हिशेबाची कामं घेताना कोणता अँटिव्हायरस घ्यावा आणि टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप कुठे ठेवावा. अँटिव्हायरस वेळच्या वेळी अपडेट होणारा कुठलाही चालेल. बॅकअप कुठेही ठेवा, पण टॅलीव्हॉल्ट, म्हणजे डेटाला पासवर्डचं कुलूप घालणारी टॅलीतलीच सोय, लावून. तो पासवर्ड मालकाकडेही असू द्या, हरवला तर टॅलीवालेसुद्धा काढून देऊ शकत नाहीत. मला मात्र बाहेरच्या चोरापेक्षा आपल्याच टेबलाच्या खणाची भीती जास्त वाटते.

मी आधी एका कर सल्लागारांकडे नोकरीला होते. सगळ्या पार्ट्यांची, म्हणजे क्लायंटची, डीएससी टोकनं (डिजिटल सही असलेले पेनड्राइव्हसारखे तुकडे) बिस्किटाच्या डब्यात, प्रत्येकावर पट्टी, पट्टीवर नाव आणि पिन. एका प्रायव्हेट लिमिटेडमध्ये दोघे भाऊ आणि थोरल्यांची बायको असे तीन संचालक. भावांचं बिनसलंय हे ऑफिसात सगळ्यांना माहीत. एका संध्याकाळी थोरले आले आणि म्हणाले, धाकट्याचं टोकन लावून डीआयआर-११ हा संचालकाच्या राजीनाम्याचा फॉर्म भरून टाका. म्हणजे धाकट्यांचा राजीनामा, त्यांच्याच सहीनं, आणि त्यांना पत्ताच नाही! मी नाही म्हटलं. सर म्हणाले, "घरातलं प्रकरण आहे, आपण कशाला मध्ये पडायचं? फी थोरलेच देतात." सही लावणार आपण, म्हणजे मध्ये पडलोच की. मी ते टोकन डब्यातून काढलं, दुसऱ्या दिवशी धाकट्यांच्या हातात दिलं आणि पोच घेतली. त्यावर सरांनी "क्लायंटचा विश्वास मोडलास" असं सुनावलं, आणि थोड्याच दिवसांत मी नोकरी सोडली. कोणत्या क्लायंटचा विश्वास? कंपनी दोघांचीही होती.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४२ सांगतं की डिजिटल सहीची चावी ज्याची त्यानंच सांभाळायची. दुसऱ्याची सही किंवा पासवर्ड लबाडीनं वापरला तर कलम ६६सी खाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे. सरांना मी तेव्हाही हेच सांगत होते.

म्हणून टोकन, नेटबँकिंगचा पासवर्ड, सही केलेले कोरे चेक यातलं काहीच स्वतःकडे ठेवू नका. बँकेत फक्त पाहण्यापुरती किंवा पेमेंट टाकण्यापुरती परवानगी घ्या, मंजुरी मालकानं द्यायची. जीएसटीला मोबाइल आणि ईमेल मालकाचाच हवा, आणि रिटर्नचे आकडे त्यांना दाखवल्याशिवाय ओटीपी मागू नका. सप्लायरचा "आमचं बँक खातं बदललंय" असा मेल आला तर जुन्या बिलावरच्या नंबरला फोन करा, मेलमधल्या नाही. आधार-पॅनचे फोटो व्हॉट्सॲपवर पडून राहू देऊ नका, त्यावर बोगस जीएसटी नोंदण्या होतात. टॅलीत प्रत्येकाला वेगळं युजरनेम द्या. एडिट लॉग, म्हणजे कोणी कधी काय बदललं याची नोंद, कंपन्यांना एप्रिल २०२३ पासून सक्तीचाच आहे, पण प्रोप्रायटरच्या वह्यांनाही चालू ठेवा. रोकड जुळली नाही की पहिला संशय हिशेब लिहिणाऱ्यावर येतो, तेव्हा तोच लॉग कामी येतो.

हे सगळीकडे सरळ जमेल असं नाही. वयस्कर मालकांना टोकन लावता येत नाही, त्यांच्या शेजारी बसून लावून द्यावं लागतं. काही पार्ट्या "आमच्यावर भरवसा नाही का?" म्हणून कामही काढून घेतील, जाऊ द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला लावा.

आणि काम सोडताना सगळा डेटा परत द्या, पोच घ्या, आपल्या लॅपटॉपवरचा पुसा. फी थकली म्हणून डेटा अडवायचा, हेही सर करायचे. मला ते कधीच पटलं नाही. वह्या पार्टीच्या आहेत, थकबाकीसाठी वकिलाची नोटीस पाठवता येते.