पीसीचे स्पीकर सतत घूं करतात, नवं साऊंड कार्ड घ्यावं का?

नको, आधी अर्थिंग बघा. खानापूरच्या जुन्या घरात कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्याही येतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे मदरबोर्डवरच्या साऊंड चिपचा दोष दिसत नाही. एसएमपीएसच्या (पीसीच्या आतल्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधले कपॅसिटर थोडा करंट बॉडीवर सोडतात. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर २३० व्होल्टच्या जवळपास निम्मा दाब कॅबिनेटवर राहतो आणि ५० हर्ट्झची गुणगुण ऑडिओ वायरीतून स्पीकरमध्ये उतरते. बेळगावात मी हीच दुरुस्तीची कामं करतो. जुन्या घरांत सॉकेट तीन पिनचं, पण मागे अर्थिंगची हिरवी तार जोडलेलीच नाही, हे नेहमीचंच. वायरमनला दाखवा, पीसी आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावा. तिसरी पिन तोडायचा ‘उपाय’ कुणी सांगितला तर अजिबात ऐकू नका. मात्र चार्जिंगला नसलेल्या मोबाईलला जोडूनही स्पीकर घूं करत असतील, तर त्यांच्याच पॉवर सप्लायमधला कपॅसिटर गेलेला असू शकतो.